पुस्तकातली वीज आणि दुकानातली वीज

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. तेव्हा मी विजेवर बोलणार हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु आपल्या दारव्ह्यातल्याच एका मुलाने मला या विषयाची गोडी लावली. त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते.

हा मुलगा माझा जुना विद्यार्थी. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणतात. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आणि विद्युत अभियांत्रिकीला गेला. घरात आनंदीआनंद झाला. पण दुसऱ्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला. एक विद्युत मापन आणि दुसरा सर्किट अ‍ॅनालिसिस, म्हणजे विद्युत मंडलाचे गणित. सुटीत घरी आला तो गप्पगप्पच. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पोरगा कॉलेज सोडतो म्हणतो. तुमचे ऐकेल. जरा समजावा."

मी त्याला विचारले, "नेमके काय समजत नाही?"

तो म्हणाला, "सर, तीन फेजच्या तीन तारांतून प्रत्येकी दहा अँपिअर प्रवाह वाहतो आणि पुस्तक म्हणते, तिघांची बेरीज शून्य. गणित पाठ करतो, पण मनाला पटत नाही."

"प्रयोगशाळेत मोजून पाहिले नाहीस?"

त्याने मान खाली घातली. गटात सहा मुले. मीटर जोडणारा एकच. बाकीचे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवून घेत. मित्रांनो, नापास होण्याचे मूळ तिथे होते. बुद्धी कमी नव्हती, हात कधी मीटरला लागलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो. वडील पाच हॉर्सपॉवरची एक मोटार तपासत होते. त्यांनी टोंग टेस्टरचा चिमटा एकेका तारेवर लावला. मोटारीवर भार नव्हता, म्हणून प्रत्येक तारेत सुमारे तीन अँपिअर आले. मुलगा म्हणाला, "अब्बा, तिन्ही तारा एकदम चिमट्यात घ्या ना."

वडील म्हणाले, "शून्यच येणार. नाही आले तर करंट बॉडीत उतरतो आहे. अशी मोटार मी गिऱ्हाइकाला देत नाही."

चिमटा लावला. काटा शून्यावर! मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. जे पुस्तकातून दोन सत्रे पटले नाही, ते वडील वर्षानुवर्षे रोज करीत होते. त्यांना फक्त त्या नियमाचे नाव ठाऊक नव्हते.

हे असे का होते? तीन सारख्या ताकदीच्या माणसांनी एका कड्याला तीन दोर बांधून, सारखे कोन ठेवून तीन दिशांना ओढले तर कडे जागचे हलत नाही. तीन फेजचे प्रवाहही असेच एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. म्हणून बेरीज शून्य. ती शून्य आली नाही, तर काही प्रवाह वाट सोडून जमिनीकडे चालला असे समजावे. ओल्या पायांनी पंपाला हात लावणाऱ्या शेतकऱ्याचा जीव या शून्यावर अवलंबून असतो. घरात बसवितात ते गळतीरोधक स्विचही हेच पाहते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते वीज तोडते.

हा नियम गुस्ताव किरचॉफ याने १८४५ साली मांडला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या आधी १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध करणारा जॉर्ज ओहम हा कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि शाळामास्तर! त्याच्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून दोन धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून त्याने स्थिर दाब मिळविला आणि चिकाटीने मोजमाप केले. तेव्हा कारागिराच्या मुलाने आपल्या दुकानाची लाज का बाळगावी?

विद्यार्थी मित्रांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, अँमीटर नेहमी प्रवाहाच्या वाटेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडावा. व्होल्टमीटर समांतर जोडावा. अँमीटरचा रोध अगदी थोडा असतो. तो थेट २३० व्होल्टला लावला तर जळून जाईल. दुसरी, मोजण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कागदावर लिहा. ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध हिशेबाने ८८२ ओहम येतो. तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजा, साठ-सत्तर ओहमच दिसतील. दोन्ही खरे आहेत. तापल्यावर टंगस्टनच्या तारेचा रोध कित्येक पटींनी वाढतो. तिसरी, दुसऱ्याचा आकडा कधी उतरवू नका. स्वतःचा चुकीचा आकडा लिहा आणि तो का चुकला ते शोधा. मात्र चालू विजेशी एकट्याने खेळू नका. जाणता माणूस जवळ असू द्या.

पालकांनाही विनंती आहे. अमरावतीला १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आपल्याच जिल्ह्यात पुसदला १९८३ साली महाविद्यालय निघाले, यवतमाळला तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येते. आयटीआयची वाट हलकी समजू नका आणि मुलींना या वाटांवरून मागे ओढू नका.

तो मुलगा पुढच्या परीक्षेला दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाला, एकात तर जेमतेम. पण त्या सुटीत त्याने दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीचे आकडे एका वहीत लिहून काढले. पुढे ती वही त्याने दुकानातच ठेवली. आता वडील स्वतः त्यात आकडे लिहितात.

आपला मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून घरी आली की गुण किती पडले हे अवश्य विचारा. परंतु त्याआधी एक विचारा, "बेटा, आज तू स्वतः काय मोजलेस?"