मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर तीन पिढ्या
(व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी मध्यमवर्गातील कितीतरी घरांचा एक कोपरा आता मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेडमध्ये असतो. मुलगा-सून अथवा मुलगी-जावई तेथे स्थिरावलेले, नातवंडे तेथेच जन्मलेली, आणि आजी-आजोबा वर्षा-दोन वर्षांनी काही महिन्यांसाठी जाणारे. या मुक्कामाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सोमवार ते शुक्रवार रिकाम्या घराची राखण, शनिवारी खरेदी, रविवारी मंदिर किंवा समुद्रकिनारा. परत आल्यावर शेजारी विचारतात, "काय पाहिलेत?" तेव्हा ऑपेरा हाउसचे छायाचित्र पुढे केले जाते. ज्या देशाला खंड म्हणून ओळखतात, त्याचा अंतर्भाग मात्र दृष्टीस पडलेला नसतो.

काही कुटुंबे हा क्रम मोडतात. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि नातवंडे अशी सहा-सात माणसे एका मोठ्या मोटारीत बसतात आणि आठ-दहा दिवसांसाठी उत्तरेचा रस्ता धरतात. सत्तरीच्या आजोबांना आणि सहा वर्षांच्या नातीला एकाच वेळी अशा निर्जन प्रदेशात न्यावे काय, हा प्रश्न त्या घरांत अवश्य उठतो. तो उठायलाच हवा. त्याचे उत्तर मात्र भीतीने देऊ नये, आणि फाजील उत्साहानेही देऊ नये.

तेथील लोक या अंतर्भागाला 'आउटबॅक' म्हणतात. त्याच्या मधून उभा जाणारा स्टुअर्ट महामार्ग दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत २,७०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या संशोधकाने १८६२ मध्ये हा खंड दक्षिणोत्तर ओलांडला, त्याचे नाव या रस्त्याला मिळाले. संपूर्ण रस्ता डांबरी होण्यास मात्र १९८७ साल उजाडावे लागले. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने पुणे ते दिल्ली इतके. फरक असा की पुणे-दिल्ली वाटेवर दर दहा मिनिटांनी गाव लागते. येथे ग्लेंडॅम्बो सोडल्यानंतर कूबर पेडीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. भ्रमणध्वनीची खूण वस्तीजवळ उमटते आणि वस्ती मागे पडली की मावळते.

वाहतूक भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे नवख्या चालकाला रस्ता सोपा वाटतो. पण समोरून येणारी 'रोड ट्रेन' म्हणजे तीन-चार मालडबे ओढणारा, कधी ५३ मीटरहून लांब असलेला ट्रक. तो ओलांडून जाण्यासाठी किती मोकळा रस्ता लागतो, याचा अंदाज घाटातल्या अनुभवावरून येत नाही. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्कामाला पोहोचणे हा येथील पहिला नियम. वस्तीबाहेर रात्री गाडी चालविल्यास भाड्याच्या वाहनाचा विमाही अनेकदा लागू होत नाही. तिन्हीसांजेच्या आत घरी या, असे ज्या आजीने आयुष्यभर सांगितले, तिचे म्हणणे येथे विमा कंपनीच्या करारपत्रात छापलेले आढळते.

पाण्याचा विषय याहून गंभीर आहे. १९९८ च्या डिसेंबरात आयर सरोवराच्या परिसरात दोन परदेशी पर्यटकांची गाडी वाळूत रुतली. मदतीच्या शोधात दोघे पायी निघाले. त्यांच्यातील पुरुष गाडीकडे परतला आणि वाचला. ती तरुणी पुढे चालत राहिली आणि उन्हाने दगावली. त्या प्रदेशातील प्रत्येक जाणता माणूस हेच सांगतो की गाडी बंद पडली तरी गाडी सोडू नये. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. प्रत्येकासाठी दिवसाला पाच लिटर या हिशेबाने पाणी घ्यावे, आणि अडकून पडल्यास पुरेल इतके वर आणखी असावे.

येथे घरातील ज्येष्ठांचे मोल कळते. आज सत्तरीत असलेल्या पिढीने महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. हंडा कसा पुरवायचा, तोंड धुतलेले पाणी कुठे टाकायचे, लहान मुलाला घोटाघोटाने कसे पाजायचे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मेलबर्नमध्ये वाढलेल्या नातवाने नळ सोडून पाण्याचा दुसरा उगम पाहिलेला नसतो. त्याच्या हाती पाण्याच्या डब्यांची मोजदाद द्यावी आणि आजोबांना त्याच्यावर देखरेखीला बसवावे. शहरातील घरात ज्यांना 'तुम्ही बसा, आम्ही करतो' असे सांगितले जाते, त्या आजोबांना या प्रवासात खरे काम मिळते.

सुनेच्या वाट्याला वेगळीच तयारी येते. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, सासऱ्यांचे इन्सुलिन थंड राहील अशी पेटी आणि डॉक्टरांचे पत्र तिला सांभाळावे लागते. भारतातून अभ्यागत म्हणून गेलेल्या पालकांना तेथील सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य मिळत नाही, त्यामुळे विमा घेतल्यावाचून या वाटेला लागणे हा निष्काळजीपणा ठरतो. फळांचीही एक गंमत आहे. व्हिक्टोरियातून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरताना फळमाशीच्या प्रतिबंधासाठी तपासणी नाके आहेत, ताजी फळे तेथेच टाकून द्यावी लागतात. प्रवासासाठी आजीने निगुतीने भरलेली सफरचंदांची पिशवी नाक्यावर रिकामी होते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र निर्विघ्न पार पडते.

काळ निवडावा तो मे ते सप्टेंबर. तेव्हा दिवस सुखद असतो, पण जून-जुलैच्या रात्री ॲलिस स्प्रिंग्जचा पारा शून्याजवळ जातो. वाळवंटाला निघालेल्या आजींच्या सामानात स्वेटर असावाच.

पहिला मोठा मुक्काम कूबर पेडी. १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या एका लहान तुकडीत जिम हचिसन यांच्यासोबत त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा विली होता. सोने मिळाले नाही. मुलाला ओपल हे रत्न सापडले आणि त्यावर हे गाव उभे राहिले. उन्हाळा इतका प्रखर की लोकांनी टेकड्यांच्या पोटात घरे कोरली. आतील तापमान वर्षभर पंचविशीच्या आसपास राहते. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या पाहुण्यांना दगड कोरून केलेल्या निवाऱ्याचे नवल वाटणार नाही, पण त्यात स्वयंपाकघर आणि दूरदर्शन संच पाहून गंमत वाटते.

कूबर पेडीहून उत्तरेकडे जाताना रानटी उंट दिसण्याचा संभव असतो. हे उंट मूळचे तेथील नव्हेत. बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये कराचीहून जहाजाने दोन डझन उंट मेलबर्नला उतरले. सोबत त्यांना हाकणारी माणसेही आली. पुढील दशकांत अशी माणसे मोठ्या संख्येने आली. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले गेले, परंतु त्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि पेशावरकडील लोकही होते. अंतर्भागातील वस्त्यांना धान्य, तारायंत्राचे खांब, रेल्वेचे साहित्य त्यांनीच पोहोचविले. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या 'द घान' या आगगाडीच्या नावात त्यांची आठवण आहे. मोटारी आल्यावर उंटांचे काम संपले आणि ते मोकळे सोडले गेले.

बर्क यांच्या मोहिमेत सामला नावाचा एक हिंदू होता. तांड्यातील मांसाचा शिधा त्याच्या धर्मास निषिद्ध होता. मेलबर्न सोडल्यावर थोड्याच दिवसांत त्याने निरोप घेतला. परक्या खंडात, परतीची शाश्वती नसताना, पोटाच्या प्रश्नावर नोकरी सोडणाऱ्या या माणसाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही. बर्क आणि विल्स यांचे पुतळे मात्र उभारले गेले. दोघेही वाळवंटात उपासमारीने मेले, आणि त्यांचा सोबती किंग वाचला तो स्थानिक मूळ निवासींनी त्याला अन्न दिले म्हणून.

ॲलिस स्प्रिंग्ज येथे तारायंत्राचे जुने ठाणे आहे. १८७२ मध्ये चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही सुमारे ३,२०० किलोमीटरची तारवाहिनी पूर्ण झाली. पुढे समुद्रतळातील तारेने जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई असे टप्पे घेत संदेश लंडनला जाऊ लागला. जहाजाने येण्यास महिने लागणारी वार्ता आता काही तासांत येऊ लागली. दूरच्या मुलांशी पडद्यावर बोलणाऱ्या आजी-आजोबांना त्या दगडी खोल्यांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

पण याच ठाण्याचा आणखी एक इतिहास आहे, आणि तीन पिढ्यांच्या कुटुंबाने तो टाळून पुढे जाऊ नये. १९३२ ते १९४२ या काळात येथे 'द बंगलो' नावाची संस्था होती. मूळ निवासी माता आणि गोरे पिता यांच्या मुलांना सरकारी आदेशाने आईपासून तोडून येथे ठेवले जाई. देशभर अशी कितीतरी ठिकाणे होती आणि हा प्रकार विसाव्या शतकात अनेक दशके चालला. मुलांची भाषा गेली, नाती गेली, कित्येकांना आपली जन्मदात्री कोण हेही कळले नाही. या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणून ओळखतात. १९९७ मध्ये याविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. ज्या इमारतीने एका टोकाचे जग दुसऱ्या टोकाशी जोडले, तिच्याच आवारात आजी आणि नात यांच्यातील धागा तोडला गेला. नातवाने विचारले की त्या मुलांच्या आजी कुठे होत्या, तर मोठ्यांनी खरे तेच सांगावे. त्या जवळच होत्या, आणि त्यांना येऊ दिले जात नव्हते.

त्याच गावात १९५१ पासून आकाशवाणीवरून शाळा चालविली गेली. सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेल्या पशुपालकांच्या मळ्यांवरील मुले तिची विद्यार्थी. आता उपग्रहाद्वारे वर्ग भरतात आणि पाहुण्यांना ते पाहता येतात. १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून सुरू झालेली विमानी वैद्यकीय सेवाही येथे समजून घेता येते. नातवंडे येथे रमतात.

पश्चिमेस सव्वाशे किलोमीटरवर हर्मन्सबर्ग आहे. चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा यांचा १९०२ मध्ये तेथे जन्म झाला. जलरंगातील त्यांच्या निसर्गचित्रांना राणीपर्यंत मान मिळाला, पण १९५७ पर्यंत त्यांना स्वतःच्या देशात नागरिकत्वाचे पूर्ण हक्क नव्हते. मिळाले तेही त्यांना आणि पत्नीला. मुलांना नाही. आप्ताला मद्य दिल्याच्या आरोपावरून १९५८ मध्ये शिक्षा झाली, १९५९ मध्ये ते वारले. चित्रांचे स्वामित्वहक्क परक्या हाती गेले ते २०१७ मध्ये कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले. तोवर मुले, नातवंडे, पतवंडे रंगवीतच होती. २०२० मध्ये पणतू व्हिन्सेंट यांना ऑस्ट्रेलियातील व्यक्तिचित्रणाचा सर्वांत नामांकित असा आर्चिबाल्ड पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले मूळ निवासी चित्रकार.

शेवटी उलुरू. ३४८ मीटर उंच आणि नऊ किलोमीटरहून अधिक घेर असलेली ही एकसंध शिळा अनांगू लोकांचे पवित्र स्थान आहे. १८७३ मध्ये गॉस हे संशोधक कामरान या उंटवाल्यासह तिच्या माथ्यावर गेले आणि तिला एका राजकारण्याचे नाव देऊन मोकळे झाले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी शासनाने ही भूमी अनांगूंना परत केली. त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. लोकांनी शिळेवर चढू नये ही त्यांची विनंती तरी पुढे चौतीस वर्षे सर्वांनी मानली असे नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. साखळी धरून वर जाण्याची मौज गेली म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली. पादत्राणे कुठे काढावीत आणि गाभाऱ्यात छायाचित्र का घेऊ नये, हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचे स्पष्टीकरण लागू नये.

कुटुंबाच्या दृष्टीने यात एक लाभ आहे. चढाई असताना तरुण वर जात आणि आजी-आजोबा खाली गाडीत बसत. आता पायथ्याची सपाट वाट सर्वांची आहे. संपूर्ण फेरी दहा किलोमीटरहून थोडी अधिक, पण 'माला' ही दोन किलोमीटरची छोटी वाट चाकांच्या खुर्चीनेही पार करता येते. ज्या जागांचे छायाचित्र घेऊ नये तेथे पाट्या आहेत. त्या पाळाव्यात.

या वाटेवर कुठे शिळेवर प्राचीन चित्रे दिसतात, कुठे झरा, कुठे वडीलधाऱ्यांची गुहा. अनांगूंच्या परंपरेत प्रत्येक जागेची कथा टप्प्याटप्प्याने सांगितली जाते. बालकाला एक भाग, मोठे झाल्यावर पुढचा, आणि काही भाग अधिकार आल्यावाचून कधीच नाही. पाहुण्यांना जे सांगितले जाते, ते त्यांच्या मुलांना सांगितले जाते तेवढेच. त्यामुळे त्या गुहेपाशी उभे असताना सत्तर वर्षांचे आजोबा आणि सहा वर्षांची नात एकाच इयत्तेत असतात.