बाबू हरदास आणि छाटीचा हिशेब
(नागझिऱ्याच्या परिसरातील विडी व तेंदूपत्ता कामगारांपुढे केलेले भाषण)



कामगार पुढारी निवृत्त झाला म्हणजे त्यास शाल व श्रीफळ देण्याची आपल्याकडे रीत आहे. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांनी श्रीफळ सोडले, हे बरेच झाले. कामगाराला 'नारळ दिला' म्हणजे काय झाले, हे आपणांस ठाऊकच आहे! परंतु ज्या पुढाऱ्याच्या गौरवासाठी मी येथे उभा आहे, त्यास निवृत्तीचे वय लाभलेच नाही. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, तेव्हा त्यांस ३५ वर्षे पुरी होऊन अवघे सहा दिवस झाले होते.

'जय भीम' ह्या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांस ओळखता. ही ओळख खरी, पण अपुरी आहे. त्यांनी मध्यप्रांतातील विडी कामगारांचा संघ उभारला, ठेकेदाराच्या मगरमिठीतून सुटका व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर विड्या वळण्याचे काम सुरू केले, आणि १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधिमंडळावर निवडून गेले. अस्पृश्यतेचे गाऱ्हाणे सांगणारे त्या काळी पुष्कळ होते; विडीच्या हजारीचा हिशेब मागणारे फार थोडे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू होत, असे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे सांगितले. हरदास कामठीत त्या दोघांशी एकाच वेळी झुंजत होते.

हा हिशेब म्हणजे काय, हे आपणांस मी काय सांगावे? नागझिऱ्याच्या भोवतालच्या रानातला पत्ता भर उन्हाळ्यात आपणच तोडता आणि पुडकी बांधून फळीवर नेता. पुढे तोच पत्ता भिजवून, कापून घरातील बाई विड्या वळते. ती हजार विड्या घेऊन गेली की ठेकेदार त्यांतून मूठभर बाजूस सारतो व म्हणतो, ही छाट. छाटीची मजुरी नाही. ती खरोखर वाईट होती काय, हे ठरविणारा तोच!

मुंबई सरकारने १९५८ साली विदर्भातील विडी कामगारांची किमान मजुरी ठरविताना ह्या छाटीवरही निर्बंध घातले. तेव्हा गोंदियाच्या विडी व्यापाऱ्यांचा संघ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९६१ मध्ये निकाल लागला: मजुरीचे दर ठरविण्याचा अधिकार सरकारला आहे, परंतु किमान वेतन कायद्याखाली छाटीच्या तंट्यात हात घालण्याचा नाही. वकील ह्या नात्याने त्या निकालातील तर्क मला समजतो; वळणारीच्या पदरात मात्र त्याने काही पडले नाही. ती उणीव १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने भरून काढली. कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी ह्यांविषयीचे तंटे सोडविण्यास त्याने अधिकारी नेमण्याची तरतूद केली. 'ही बाई घरी बसून काम करते, ती आमची नोकर नव्हे,' हा मालकांचा युक्तिवादही १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने भविष्यनिर्वाह निधीच्या खटल्यात फेटाळला. नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे कायदे नव्या श्रमसंहितांत गेले आहेत.

आपणांपैकी अनेकांस भीती वाटते की धर्म बदलला, आता हक्क जातील. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी बौद्धांना १९९० पर्यंत झगडावे लागले, हे खरे. पण मजुरी, छाटीचा तंटा, भविष्यनिर्वाह निधी ह्यांसाठी जातीचा दाखला कधीच लागला नाही. लागते ते नोंदवहीतील नाव. आणि तेथेच घोटाळा होतो. विड्या वळते बाई आणि नाव लागते नवऱ्याचे, किंवा कोणाचेच नाही. म्हातारपणी निधी मागावयास गेल्यावर हे उघडकीस येते, आणि तोवर ठेकेदार बदललेला असतो. म्हणून घरी जाल तेव्हा वहीत कोणाचे नाव आहे ते आधी पाहा.

ज्या भगिनींचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्यांनी आता सभा संपल्यावर थांबावे. अर्ज मी येथेच लिहून देईन.

जय भीम.