झाशीचे गोलंदाज गुलाम गौस खान



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण नांदगावच्या आपल्या मुलांसमोर एका माणसाबद्दल बोलावं असं फार दिवस मनात होतं: गुलाम गौस खान, राणी लक्ष्मीबाईंच्या तोफखान्याचे प्रमुख.

झाशी आपल्याला परकी नाही. नेवाळकरांचं ते मराठी संस्थान. १८५३ मध्ये गंगाधरराव गेले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. १८५७ च्या जूनमध्ये कारभार पुन्हा राणींकडे आला. काही महिन्यांतच शेजारच्या ओरछाची फौज चालून आली. तिचा म्होरक्या होता नत्थे खान. झाशीच्या तोफांनी त्याला परत पाठवलं. ‘मुसलमान कोणाच्या बाजूने होते?’ असं कोणी विचारलं, तर आधी हा प्रसंग सांगा.

खरी कसोटी मार्च १८५८ मध्ये लागली. सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला आणि २५ मार्चला तोफा डागायला सुरुवात केली. गौस खानांचं नाव जोडलेली तोफ म्हणजे ‘कडक बिजली’. तोफ चालवणं म्हणजे सिनेमात दाखवतात तसं नुसती बत्ती लावणं नाही. प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवून नळी साफ करायची, कारण आत एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याच्याच अंगावर उडणार. मग दारू, मग गोळा, गजाने ठासायचं, कानात रंजक भरायची, नेम धरायचा. बार झाला की गाडा मागे सरकतो. तो पुन्हा जागेवर आणून नेम नव्याने धरायचा. हे सगळं समोरून गोळे येत असताना. एकट्याचं हे काम नाही. तटावर बायका दारूगोळा वाहून नेताना आणि तोफांच्या मोर्च्यांवर काम करताना दिसल्या, असं इंग्रजांनीच नोंदवलंय.

आणि रोजच्या फौजेत कोण होतं? गोऱ्यांबरोबर मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी आणि हैदराबाद कंटिंजंट. म्हणजे तटाच्या बाहेरही आपलीच माणसं होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. हे अवघड वाटतं, पण वगळू नका.

१ एप्रिलला मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेकाठी पराभव झाला. ३ तारखेला इंग्रज शहरात घुसले. पुढची कत्तल आणि लूट वरसईच्या विष्णुभट गोडशांनी डोळ्यांनी पाहिली आणि मराठीत लिहून ठेवली. त्यांचा ‘माझा प्रवास’ जरूर वाचा. याच लढाईत गौस खान कामी आले.

कोणी देशप्रेमाचा पुरावा मागितला की आपण घाईने अशी नावं पुढे करतो. मला ते पटत नाही. गौस खान कोणाला दाखला देण्यासाठी तटावर उभे नव्हते. शहर त्यांचं होतं, काम त्यांचं होतं.

झाशीच्या किल्ल्यात त्यांची कबर आहे. शेजारी खुदाबक्ष आणि मोतीबाई. मोतीबाईंचं नाव ‘भवानीशंकर’ तोफेशी जोडलं जातं; ती तोफही तिथेच आहे. मनमाडहून पंजाब मेल थेट झाशीला जाते. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे, तिकीट काढताना तेवढं बघा.