निघण्याआधीचा हिशोब



मी वैमानिक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला, तुमच्यातलाच माणूस. पावसाळ्यात नियंत्रण कक्षाची ड्यूटी लागते, तेव्हा फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, "साहेब, लवकर पाठवा!" आज त्या 'लवकर'बद्दलच बोलतो.

१७ जून २०२१. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ 'एम. व्ही. मंगलम' हे जहाज बुडू लागलं. त्यावर १६ जण होते. जहाजावरच्या अधिकाऱ्याने मुंबईच्या सागरी बचाव केंद्राला कळवलं. तटरक्षक दलाचं 'सुभद्राकुमारी चौहान' हे जहाज दिघीहून निघालं आणि आपल्या शेजारच्या दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टरं उडाली. सोळाही जण वाचले.

आता हिशोब बघा. दमण ते रेवदंडा सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. समजा, वेग ताशी १८०. वारा नसेल तर ६७ मिनिटं लागतील. समोरून ताशी ३० चा वारा असेल तर ८०. म्हणजे १३ मिनिटांचं इंधन वाटेतच जास्त गेलं. शिवाय जहाजावर अधांतरी थांबून एकेकाला दोराने वर घ्यायचं, किनाऱ्यावर परतायचं आणि थोडं इंधन राखूनही ठेवायचं. चेतकमध्ये वैमानिक धरून जागा साधारण सात जणांची. एका फेरीत सोळा जण येणारच नाहीत. म्हणून माणसांचा आकडा आधी कळावा लागतो. हे सगळं उडण्याआधीच्या मोजक्या मिनिटांत ठरवायचं असतं. ही मिनिटं म्हणजे उशीर नव्हे, बचाव तिथूनच सुरू होतो.

जाणाऱ्यांचाही जीव पणाला लागलेला असतो. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ समुद्रात जखमी खलाशाला आणायला गेलेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. चौघांपैकी तिघे परतले नाहीत.

माझीही एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात मी घाईघाईत फक्त पत्ता लिहून घेतला, 'किती माणसं?' हे विचारलंच नाही. गेलेली बोट लहान पडली. एक आजी दुसऱ्या फेरीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. त्या वाचल्या, पण तेव्हापासून मी आधी आकडा विचारतो.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. पांडेसऱ्यात आपली निम्मी मंडळी खानदेशातून आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. गल्लीचा पत्ता नव्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून आजच घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, चार गोष्टी पाठ करायला लावा: जागा आणि जवळची खूण, एकूण माणसं, त्यात आजारी-म्हातारे किती, आणि पाणी कुठवर आलंय. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, समुद्रातल्या संकटासाठी १५५४.

विघ्नहर्ता आहेच, पण त्याच्या भरवशावर आपला हिशोब सोडायचा नाही.

गणपती बाप्पा मोरया!