आयताचे कर्ण



१९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान आणलं ते आपल्या जुहूच्या धावपट्टीवर. तिथली हेलिकॉप्टरं वर्गातून बघत बसायचो म्हणून बाकावर उभा राहिलेला तो मीच.

पुढे बाबांची मारुती एस्टीम हाताशी आली. तिला शर्यतीसाठी तयार करून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हौसेने उतरू लागलो. एका वळणावर ब्रेक उशिरा मारला. चूक माझीच. मला खरचटलं, गाडी ट्रकवरून घरी आली. शर्यतीतल्या अपघाताला नेहमीचा विमा लागू नसतो, म्हणजे सगळा खर्च खिशातून.

मन म्हणे, दुरुस्तच कर. मिस्त्री म्हणाला, "साहेब, बोनेट, रेडिएटर मिळेल. आधी बॉडी मोजू." इंजिनाच्या कप्प्यात त्याने कोनाकोनी टेप धरली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा १८ मिलिमीटर कमी! बाई, आयताचे कर्ण समान असतात हे तुम्ही घोकून घेतलं होतं, ते तिथे उपयोगी पडलं.

बॉडी ओढून सरळ करता येते, रस्त्यावर चालतेही. पण एकदा दुमडलेला पत्रा पुढच्या धडकेत कसा वागेल, सांगता येत नाही. रोल केजचा पाइपही वाकला होता, आणि तो सरळ करून वापरायचाच नसतो. शिवाय पुढच्या हंगामात त्या सीटवर माझी मुलगी बसणार होती.

शेवटी दुसऱ्या एस्टीमची धड बॉडी घेतली. केज नवा, इंजिन-गिअरबॉक्स जुनेच. बाबांना सांगायला मला आठ दिवस लागले. ते एवढंच म्हणाले, "स्टिअरिंग तेवढं जुनं ठेव."

ठेवलंय.