जुन्या स्लॅबवर नवे ओझे

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाण्याखाली गेलेली करमाळा-माढा भागातली गावे माळावर नव्याने वसली आणि हळूहळू तिथे सिमेंटचे स्लॅब आले. त्यांतले जुने आता चाळिशी ओलांडून गेलेत. टाकले तेव्हा वर माणसे झोपतील, ज्वारी वाळेल, एवढाच विचार होता. आज त्याच गच्चीवर २,००० लिटरची टाकी, सोलर, शुद्ध पाण्याचे यंत्र चढते. माझे म्हणणे असे की ओझे चढवण्याआधी स्लॅब तपासावा आणि शक्य असेल तर ते स्लॅबवर न टाकता थेट भिंतींवर न्यावे.

माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. ३ बाय ४ मीटरच्या खोलीवर तो १,८०० किलो होतो. भरलेल्या टाकीतले पाणीच २,००० किलो, तेही जेमतेम दीड चौरस मीटरवर एकवटलेले, रात्रंदिवस. लोक म्हणतात, लग्नाची पंगत बसली तेव्हा कुठे काय झाले? पण पंगतीतला माणूस पाऊण चौरस मीटर तरी जागा घेतो. भार १०० किलोच्या आत राहतो आणि जेवण झाले की खाली उतरतो. स्लॅबमध्ये जादा ताकद ठेवलेली असते, हेही खरे. मात्र ती खराब वाळू, कमी सळई, गंज यांच्यासाठी असते, आणि चाळीस वर्षांत त्यांनी आपला वाटा घेतलेला असतो.

म्हणून खोलीत उभे राहून छत बघा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा चीर दिसली, हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गंजून फुगलेली सळई काँक्रीट ढकलते आहे. वरून गिलावा केल्याने डाग झाकला जातो, ताकद येत नाही. वर दोन इंच काँक्रीट ओतणे हा तर उलटा उपाय: तो थरच चौरस मीटरला सव्वाशे किलो वजन वाढवतो. नुसता ओतला तर जुन्या स्लॅबशी धड एकजीवही होत नाही. त्यापेक्षा भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन लोखंडी गर्डर टाकून टाकी त्यांवर, स्लॅबला न टेकता, बसवा. खर्च होतो, पण स्लॅब पाडून नव्याने टाकण्यापेक्षा फारच कमी. गर्डर किती जाडीचा, हे सिव्हिल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटची उशी हवी, नाहीतर भिंतीची वीट चिरडते. छज्ज्यावर मात्र टाकी कधीच नको. आणि घर काळ्या मातीवर असेल तर टाकीची गळती आधी बंद करा. मुरलेल्या पाण्याने माती फुगते, पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते.