आकडा खाली आला आणि मी घाबरलो

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज नाळेबद्दल बोलायचंय.

बायकोला आठवा महिना होता. सगळं नॉर्मल. ३४व्या आठवड्याच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये एक ओळ होती, अम्बिलिकल आर्टरी पीआय ०.९१. २८व्या आठवड्यात हाच आकडा १.१२ होता. आता मी पडलो इंजिनिअर. लगेच एक्सेल उघडलं. रेघ सरळ खाली! रात्री दीड वाजता मी तिला हलवून विचारलं, "बाळ फिरतंय ना गं?" ती आधी दचकली, आणि मग जी चिडली, ते इथे सांगण्यासारखं नाही.

गंमत अशी की मी ग्राफच उलटा वाचत होतो. पीआय म्हणजे रक्ताचा प्रवाह नव्हेच.

नाळेत साधारणपणे दोन धमन्या आणि एक शीर असते. धमन्यांमधलं रक्त बाळाकडून वारेकडे जातं, आईकडून बाळाकडे नाही. (मलाही उलटंच वाटायचं.) बाळाच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताचा वेग वाढतो, मग उतरतो. डॉपलर मशीन परत आलेल्या ध्वनिलहरींमधला फरक पकडून त्या वेगाचा ग्राफ काढतं. सर्वांत जास्त वेगातून सर्वांत कमी वेग वजा करायचा, सरासरी वेगाने भागायचं. झाला पीआय. पुढे वारेत अडथळा जास्त असेल तर दोन ठोक्यांच्या मधला वेग खूप पडतो आणि पीआय वाढतो. निरोगी गरोदरपणात वारेतल्या रक्तवाहिन्या वाढत जातात, अडथळा कमी होतो, म्हणून आकडा आठवड्यागणिक उतरतो. उतरायलाच हवा!

मग थेट प्रवाहच का नाही मोजत? तोही मोजता येतो, पण त्यासाठी रक्तवाहिनीची रुंदी लागते आणि तिचा वर्ग होतो. ८ मिलिमीटरची शीर चुकून ९ वाचली, तर प्रवाह जवळपास २७ टक्के जास्त दिसणार. शिवाय ध्वनिलहर किती कोनातून गेली तेही धरावं लागतं. पीआय हे गुणोत्तर असल्यामुळे कोन वरखाली कटून जातो. हे मला फार आवडलं, खरं सांगतो.

तरी तोही तसा नाजूकच. नाळेच्या बाळाकडच्या टोकाला मोजला तर जास्त येतो, वारेकडच्या टोकाला कमी. बाळ श्वासासारख्या हालचाली करत असेल तर ग्राफ हलतो.

नाळेतलं डॉपलर १९७७मध्ये डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी पहिल्यांदा मांडलं. त्यानंतर हजारो बायकांवर अभ्यास झाले. बाळाची वाढ खुंटलेली असेल किंवा आईचं बीपी वाढलेलं असेल, अशा जोखमीच्या वेळी या तपासणीने बाळं वाचतात. पण सगळं ठीक असताना सरसकट केली तर फायदा दिसलेला नाही.

हे माहीत नसताना मी डॉक्टरांना म्हणालो होतो, दर आठवड्याला करूया का? त्या म्हणाल्या, "कशासाठी? बाळाची वाढ छान आहे. हालचाल कमी वाटली तर मात्र लगेच या, रात्र असली तरी."

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "ते एक्सेल डिलीट कर आधी."

केलं. पुढची डॉपलर झालीच नाही. हालचालींकडे लक्ष तीच ठेवायची, आणि रात्री मला उठवायचं की नाही, हेही तीच ठरवायची.